एकोणीस वेळा दाबलेलं बटण

ती ड्रायव्हर लिहायची. हे वाक्य तिच्या नातेवाइकांत कधीच सरळ पोचलं नाही. आत्याला वाटायचं भाची गाडी चालवते, आणि चुलत सासरे दर भेटीत "मोठी गाडी की लहान?" असं विचारून स्वतःच हसायचे. समजावून समजावून तिची जीभ झिजली, मग तिने नाद सोडला. ऑफिसातही तिचं नाव 'ड्रायव्हरबाई' पडलं होतं. यंत्राची मुख्य सिस्टिम आणि तिचा एखादा भाग यांच्यात बसून दोघांचं बोलणं जुळवून देणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तिच्याकडे वायरलेस चिपचा ड्रायव्हर होता, आणि त्यातही झोपेचा भाग, ज्याला दुसरं कोणी हात लावायला धजत नसे.

कंपनी वृद्धनिवासांसाठी टॅबलेट बनवायची. प्रत्येक खाटेशी एक टॅबलेट, आणि तिथे राहणाऱ्या माणसाच्या गळ्यात दोरीला एक बटण. बटण दाबलं की टॅबलेट जागा व्हायचा आणि नर्सच्या टेबलावर घंटा वाजायची. वायरीत पाय अडकून म्हातारी माणसं पडतात म्हणून टॅबलेट बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी टिकावी म्हणून दोन मिनिटं कोणी हात लावला नाही की झोपी जायचा. पडदा काळा, आतलं सगळं काम बंद. फक्त वायरलेस चिपने झोपायचं नाही. तिने कान उघडे ठेवायचे आणि बटणाचा संदेश आला की एका तारेवर इशारा चढवायचा, की ऊठ.

गोची होती ती झोपायला जातानाच्या क्षणात. सिस्टिम चिपला सांगणार, 'आता मी झोपते, काही झालं तर उठव,' आणि त्यानंतर प्रत्यक्ष डोळा लागेपर्यंत सेकंदाचे काही हजारावे भाग जाणार. त्या इवल्याशा फटीत कुठल्याही बटणाचा संदेश येऊन पडला, तर चिप इशारा चढवायची, पण अर्धवट मिटलेल्या सिस्टिमला तो दिसायचाच नाही. चिपच्या लेखी तिने उठवलं होतं, सिस्टिमच्या लेखी तिला कोणी उठवलं नव्हतं. सिस्टिम जागी व्हायची ती इशारा खालून वर जाताना. आता तो वरच होता, पुन्हा चढणार कुठून? त्यानंतर बटण कितीही दाबा, चिप ऐकायची, मोजायची आणि गप्प बसायची. कोणी पडद्याला बोट लावेपर्यंत टॅबलेट मेल्यासारखा पडून राहायचा.

हे शोधायला तिला तीन आठवडे लागले. टेबलावर सहा टॅबलेट मांडून ती त्यांना दिवसभर झोपवत आणि उठवत बसली होती. उपाय मात्र आठ ओळींचा निघाला: डोळा मिटण्याआधी सेकंदभर थांबून इशाऱ्याकडे आणखी एकदा बघायचं, तो वर असेल तर झोप रद्द करायची आणि थोड्या वेळाने परत प्रयत्न करायचा. अडचण एवढीच की प्रत्येक बटण दर मिनिटाला 'मी चालू आहे' असा संदेशही पाठवायचं. झोप पूर्ण लागल्यावर चिप तो सोडून द्यायची, पण झोपायला जाताना त्यानेही इशारा चढायचा. साठ बटणांच्या इमारतीत झोप सारखी रद्द व्हायला लागली, आणि नऊ दिवस टिकणारी बॅटरी साडेपाच दिवसांवर आली.

विभागप्रमुखांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. ते कधी आवाज चढवत नसत, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना 'मऊसर' म्हणायचे. त्यांच्या तोंडावर म्हटलं तरी ते नुसतं 'सर'सारखं ऐकू जायचं.

"किती वेळा होतं हे?" मऊसरांनी विचारलं.

"दोन हजार वेळा झोपला की साधारण एकदा."

"म्हणजे होत नाही."

"सर, एक टॅबलेट दिवसातून तीनशे वेळा झोपतो. आठवड्यातून एकदा होणारच. आणि कुणाचा हात लागेपर्यंत तसाच राहणार."

"हात लागतच असतो ना पण? नाश्ता येतो, औषध येतं, नर्स येते."

"लागतो," ती म्हणाली.

"मग? अहो, खोक्यावर नऊ दिवस छापून झालंय. गिऱ्हाइकांना सांगून झालंय. पुढच्या आवृत्तीत पहिलं काम हे. माझा शब्द." त्यांनी तिच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. "तुमचंच काम आहे, तुम्हीच मागे घ्या. दुसऱ्या कोणी हात लावलेला मला आवडणार नाही."

तिने जागेवर येऊन आठही ओळी काढल्या. बदलाच्या नोंदीत कारण लिहावं लागतं. तिने 'तूर्तास मागे घेतलं' एवढंच लिहिलं. खाली तिचं नाव आणि तारीख आपोआप आली. त्यांच्या शब्दावर तिचा विश्वास होता असं नाही. तिला भांडायचा कंटाळा आला होता, आणि तीन आठवडे झोपवलेले सहा टॅबलेट एकदाचे आवरून ठेवायचे होते.

पुढची आवृत्ती आली. त्यात पडद्यावर फुलांची चित्रं आली, घड्याळाचे आकडे मोठे झाले. आठ ओळी आल्या नाहीत. तिने दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा करून दिली नाही.

पाचव्या महिन्यात एका वृद्धनिवासातून तक्रार आली. तिथली एक बाई सकाळी साडेआठनंतर खाट आणि कपाट यांच्या मधल्या जागेत पडली, आणि सव्वाबाराला जेवणाची गाडी आली तेव्हा सापडली. खुबा मोडला होता. बाईचं म्हणणं, बटण दाबलं. निवासाचं म्हणणं, घंटा वाजली नाही. टॅबलेट तपासायला ड्रायव्हरबाईला पाठवलं गेलं. काय सापडणार हे तिला ऑफिसच्या लिफ्टमध्येच माहीत होतं.

निवास स्वच्छ होता. लांब मार्गिका, भिंतीला धरायचे दांडे, फिनाइलचा वास. मेट्रन उंच, घाईत असलेली, पण वाईट नव्हती. "त्या सकाळी फरशी घासायचं मशीन चालू होतं हो मार्गिकेत," तिने चालता चालता सांगितलं. "हाका मारल्या असतील तरी ऐकू येणार कशा? पण बटण काही दाबलं नाही त्यांनी. आमच्याकडे एकच कॉल आहे, बारा सतराचा. म्हणजे गाडीवाली आत गेल्यावर दाबलं. हल्ली विसरतात त्या. आम्ही त्यांना वर हलवायचं म्हणतोय."

"वर म्हणजे?"

"दुसऱ्या मजल्यावर. विसरणाऱ्यांचा कक्ष. दाराला आकडे दाबायचं कुलूप आहे, त्यामुळे कुठे जाऊन पडायची भीती नाही."

खोलीत म्हातारी उशीला टेकून बसली होती. केस नीट विंचरलेले, पाय पांघरुणाखाली सरळ. शेजारच्या खुर्चीत तिचा मुलगा, पन्नाशीचा, चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासणारा. तिला इस्पितळातून परत आणल्यापासून तिन्ही दिवस रजा काढून तो तिथेच होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"हे यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या आहेत," मेट्रन म्हणाली आणि निघून गेली.

म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बस बाळ. तुला सांगते. मी एकोणीस वेळा दाबलं."

"आई, पुरे," मुलगा म्हणाला.

"का पुरे? मोजलं म्हणून सांगते. पस्तीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. घंटा किती वाजल्या हे मोजल्याशिवाय माझा दिवस जात नव्हता. पहिल्यांदा तीनदा दाबलं, लागोपाठ. मग वाटलं, येतील. मग थांबून थांबून. एकोणीस झाल्यावर अंगठा दुखायला लागला."

"आई, त्यांच्या कॉम्प्युटरवर एकच आहे. एक. आपण कालपासून हेच बोलतोय." त्याने ड्रायव्हरबाईकडे माफी मागितल्यासारखं पाहिलं. "मागच्या महिन्यात बहिणीच्या नवऱ्याचं नाव आठवत नव्हतं तिला."

"तो लक्षात ठेवण्यासारखा नाहीच," म्हातारी म्हणाली.

ड्रायव्हरबाईने टॅबलेट उचलला आणि ती नर्सच्या टेबलाशी येऊन बसली. लॅपटॉपला वायर जोडली. टॅबलेटच्या पोटात झोपण्या-उठण्याची नोंद असते, ती घंटांची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरवर जात नाही. तिने ती उघडली. आठ तेहेतीसला झोप. बारा सतराला जाग, कारण: पडद्याला स्पर्श. गाडीवालीने ताट ठेवताना टॅबलेट बाजूला सरकवला असणार. आणि त्याच्या खाली, उठल्याबरोबर चिपने हातात ठेवलेला हिशेब: साठलेले मदतीचे संदेश, एकोणीस. ड्रायव्हरने एकोणीसही संदेश एका दमात वाचले होते आणि त्यांची मिळून एक घंटा वाजवली होती.

तिला आकडा दोनदा वाचावा लागला. अठरा असते, वीस असते, तरी तिने स्वतःची काहीतरी समजूत घातली असती.

मेट्रन येऊन उभी राहिली. मागे तो मुलगाही आला. "आलं का काही, मॅडम?"

सांगायला एक वाक्य पुरे होतं. तिच्या डोळ्यांसमोर काचेची खोली आली, स्वतःचं नाव आणि तारीख आली. ती म्हणाली, "ऑफिसात नेऊन बघावं लागेल."

"म्हणजे इथे तरी काही नाही," मेट्रन म्हणाली. मुलाने मान हलवली आणि तो आईच्या खोलीकडे गेला. जाताना त्याचे खांदे पडलेले तिने पाहिले, आणि लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग तू त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"तुला कळणार नाही. कंपनीच्या वतीने गेले होते मी. तिथे असं उभ्या उभ्या बोलता येत नाही."

"नाही कळत खरं," तो म्हणाला. "माझी कवळी बसली नाही तर माणूस समोर तोंड उघडून दाखवतो." मग त्याने ताटं उचलली आणि धुवायला घेतली. तो रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मऊसरांनी नोंद पाहिली. मग त्यांनी दार लावून घेतलं.

"आठ ओळी आजच परत घाला," ते म्हणाले.

"आणि बॅटरी?"

"बघू."

त्याच दुपारी आठ ओळी आत गेल्या आणि आठवडाभरात सगळ्या टॅबलेटवर पोचल्या. नव्या खोक्यांवर नऊ दिवसांच्या डोक्यावर एक चांदणी आली, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'वापरानुसार' असं आलं. एका शब्दाचं काम होतं. पाच महिन्यांपूर्वीही तो शब्द एवढाच लहान होता.

अहवाल मात्र निराळा होता. 'बारा सतरापूर्वी बटण दाबल्याची नोंद सर्व्हरवर आढळत नाही.' मऊसरांनी तो तिच्यापुढे सहीला ठेवला.

"सर, हे खोटं आहे."

"यातला एक शब्द खोटा दाखवा."

तिने परत वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता.

"टॅबलेटमधली नोंद का नाही यात?"

"घालूया ना," ते आणखी मऊ आवाजात म्हणाले. "ती घातली तर मागची नोंदही घालावी लागेल. आठ ओळी कोणी काढल्या, कधी काढल्या. तिथे माझं नाव नाहीये. मी तुमच्यासाठी बोलतोय."

तिने सही केली नाही. मोठी शौर्याची गोष्ट केली असंही नाही. कागद टेबलावर ठेवून ती जागेवर गेली, आणि दुसऱ्या विभागातल्या कोणाची तरी सही होऊन अहवाल गेला. पुढचे दहा-बारा दिवस ती रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसावर ढकलायची. शेवटी एका सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निवासात गेली.

मुलगा खालच्या बाकावर भेटला. आईला वर हलवून आठवडा झाला होता. तिने छापून आणलेला नोंदीचा कागद त्याला दाखवला आणि आकड्यावर बोट ठेवलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांशी नेला.

"हे त्याच दिवसाचं?"

"हो."

"तुम्ही टेबलाशी बसला होतात, मी मागे उभा होतो, तेव्हा हे तुमच्या समोर होतं?"

"हो."

त्याने कागदाची घडी घातली, परत उलगडली. "दोन आठवडे मी तिला समजावतोय, आई, तू दाबलं नाहीस. हात धरून समजावतोय. ती रडली तरी समजावतोय. डॉक्टर म्हणाले, ठामपणे सांगा, गोंधळ कमी होतो. वर हलवायच्या कागदावर मी सही केली." तो उठला. "आता हे मला कशाला आणून देताय? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून?"

तीही उठली. "खालची खोली परत मिळेल. हे दाखवलं तर..."

"खालच्या खोलीत दुसरी बाई आली," तो म्हणाला. कागद त्याने खिशात ठेवला, आणि दुकान उघडायचं आहे म्हणून निघून गेला.

ती वर गेली. नर्सने आकडे दाबून दार उघडलं. म्हातारी खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होती. ड्रायव्हरबाई गुडघ्यांवर बसली आणि तिने सांगितलं, सगळं, आठ ओळींसकट. म्हातारीने मधे एकदाही तोडलं नाही. नर्स जवळ येऊन उशी सारखी करायला लागली तेव्हा म्हातारी म्हणाली, "बरं. पाणी दे गं जरा." पाणी नर्सकडे मागितलं होतं. ड्रायव्हरबाईकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

त्या आठवड्यात ड्रायव्हरबाईने वृद्धनिवासांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिलं. टॅबलेटची नोंद जोडली, आठ ओळी काढल्याची नोंदही जोडली, स्वतःच्या नावासकट. पत्राची पोच आली. कंपनीत बातमी फुटली. तिला कोणी काढून टाकलं नाही, कारण झोपेचा भाग दुसऱ्या कोणाला येत नव्हता. फक्त गिऱ्हाइकांच्या तक्रारी तिच्याकडे येणं बंद झालं, आणि डबा खायला ती बसली की शेजारच्यांना कामं आठवायला लागली.

तीन महिन्यांनी मऊसर स्वतः तिच्या टेबलाशी आले. हातात कार्यालयाच्या पत्राची प्रत होती. "वाचा," ते म्हणाले. "आता तुम्हीही मोकळ्या झालात."

पत्र पाऊण पानाचं होतं. कार्यालयाचा माणूस निवासात जाऊन आला होता. डॉक्टर आणि मेट्रनसमोर त्याने बाईंना विचारलं होतं. 'त्या सकाळी आपण बटण दाबले होते काय, असे विचारता संबंधितांनी स्पष्टपणे नाही असे सांगितले. सबब यंत्रातील नोंद तांत्रिक स्वरूपाची असावी असे मानून प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

ती त्याच दुपारी दुसऱ्या मजल्यावर गेली. म्हातारी मधल्या काळात वाळली होती, पण केस तसेच नीट विंचरलेले होते. तिने लगेच ओळखलं.

"आजी, तुम्ही नाही म्हणालात?"

म्हातारीने दाराकडे नजर टाकली. नर्स पलीकडच्या खाटेशी होती. "हळू बोल," ती म्हणाली. "मी हो म्हटलं की इथे वहीत लिहितात, अजून तोच भ्रम आहे. आणि भ्रम असलेल्यांना खाली व्यायामाला नेत नाहीत, सूचना कळत नाहीत म्हणून. नाही म्हणायला लागल्यापासून रोज नेतात. काल चार पावलं टाकली मी दांडा धरून."

"पण तो माणूस खरं शोधायलाच आला होता. माझा कागद होता त्याच्याकडे."

"त्याच्या डाव्या हाताला डॉक्टर, उजव्या हाताला मेट्रन. कागद फायलीत. तो जाणार, मी इथेच राहणार." म्हातारीने मांडीवरची चादर सारखी केली. "कोणाला कळायचं राहिलं होतं, सांग ना. मला माहीत होतं. तुला माहीत होतं."

"तुमच्या मुलाला..."

"तोही ओळखून आहे. कागद खिशात घेऊन फिरतो, मला दाखवत नाही. मी विचारत नाही. विचारलं तर तो माझ्यासमोर बसायचा कसा? रविवारी येतो तेवढा तरी येऊ दे. त्या दिवशी टेबलाशी बोलायला हवं होतंस तू, बाळ. त्या दिवशी माझ्याकडे खोली होती, आणि त्याला आईचं ऐकायची इच्छा होती. नंतर तू जे काय केलंस, ते चांगलं केलंस. पण ते तुझ्यासाठी."

व्यायामाला न्यायला एक माणूस आला. त्याने खुर्चीचा ब्रेक सोडला. दार अरुंद होतं, म्हणून ड्रायव्हरबाई भिंतीला चिकटून उभी राहिली. म्हातारी तिच्यासमोरून गेली, आणि जाताना त्या माणसाला विचारत होती, काल चारच झाली होती ना, मग आज पाच करायची का. दार आपोआप लागलं. बाहेर पडायला आकडे कोणते हे ड्रायव्हरबाईला माहीत नव्हतं. नर्स मोकळी होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.